दोन टनांचे दादा

मोठ्या गाडीचे दादा तालुक्याच्या गावापासून पुण्याच्या उपनगरांपर्यंत सर्वत्र आढळतात. गाडी पांढरी, काचा काळ्या आणि वजन रिकाम्या अवस्थेतच दोन टनांच्या पुढे. पसंतीच्या नंबरासाठी आरटीओत मोजलेल्या पैशांत टायरचा अख्खा संच आला असता. पण टायरवर नाव रंगवता येत नाही.

मूळचे टायर गोटा झाले की दादा दुकानात एकच प्रश्न विचारतात, ‘बसतोय ना?’ बसतो. मात्र टायरच्या कडेवर मापापुढे भारांक छापलेला असतो. ११२ भारांकाचा टायर ११२० किलो पेलतो, १०४ चा ९००. मागच्या रांगेत कार्यकर्ते कोंबले की हा फरक कळतो. त्याच कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मुहूर्ताशिवाय शोरूमची पायरी न चढणारे दादा टायरची ही जन्मवेळ मात्र कधी पाहत नाहीत.

पुढची पायरी रुबाबाची. १८ इंची रिम काढून २० इंची अलॉय बसते. चाकाची एकूण उंची तेवढीच ठेवायची, म्हणून टायर बारीक होतो: २६५/६० आर १८ ची बाजू १५९ मिलिमीटर भरते, २६५/५० आर २० ची जेमतेम १३२. खड्ड्याचा मार खाणारे रबर आणि हवाच अशी घटते. मग मार रिम खाते. ती वाकते, टायरच्या कडेला फुगा येतो आणि स्टिअरिंग थरथरू लागते. दादा दोष रस्त्याला, रस्त्याचा दोष विरोधी गटाला देतात.

उपचारही ठरलेले. रिम ठोकून ‘आउट’ काढतात. ठोकलेल्या अलॉयला बारीक तडा गेला की हवा रोज उतरते आणि पंक्चरवाल्याशी घरोबा वाढतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटल्याची खूण. त्याला पंक्चरचा पॅच चालत नाही. दादा तो टायर मागे टाकतात, नंतर स्टेपनीला, आणि वेळ आली की पुन्हा पुढे. समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेला न जुमानता ही गाडी निघते, तेव्हा कमी हवेचा टायर तापत जातो आणि फुटतो.

कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झालेला टायर बाद ठरतो, आणि फुगा आलेला टायर तर त्याच दिवशी बदललेला बरा. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडून दृष्ट निघत असेल. भारांक वाढत नाही. दादांनी आग्रहाने ‘बसा’ म्हटले, तर आधी वाकून टायर पाहावेत, मगच बसावे.