निरोप्याचा मान कुणाचा?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, मोबाइल मुके झाले, मुंबईकर कमरेएवढ्या पाण्यातून घराकडे चालत निघाले आणि घरचे रात्रभर दाराशी बसले.

यातून कुटुंबांनी धडा घेतला: पुढे व्हॉट्सअ‍ॅप येताच ग्रुप काढला. त्यात रोज सकाळी गुलाब येतात, एकादशीला विठ्ठल येतो, पावसाळ्यात मागच्याच पुराचे व्हिडिओ येतात. नेटवर्क गेलं तर भेटायचं कुठे, हे मात्र कुणी लिहीत नाही. अशुभ बोलू नये म्हणतात.

जपानी माणसं या बाबतीत भलतीच अशुभ. १९९५च्या कोबे भूकंपात फोन तुंबले, म्हणून तिथे १७१ हा क्रमांक सुरू झाला. आपत्तीत त्यावर निरोप ठेवायचा, घरच्यांनी तो ऐकायचा. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला त्याची रंगीत तालीमही करता येते!

इकडच्यांसाठी त्याहून सोपा तोडगा आहे. परगावच्या एकाच नातेवाइकाला सगळ्यांनी खुशालीचा एसएमएस करायचा, त्याने ती बाकीच्यांना कळवायची. कॉल अडकला तरी एसएमएस बऱ्याचदा पोचतो. पण हा मान नाशिकच्या काकांचा की सोलापूरच्या मामांचा, यावर अजून एकमत व्हायचंय. शिवाय दोघांचेही नंबर कुणालाच पाठ नाहीत. ते मोबाइलमध्ये आहेत, आणि मोबाइल चार्जिंगला.