ऑक्टोबरातलं पथ्यापथ्य

मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात बेसबॉलचा चाहता माणसात असतो. त्याचा संघ 162 सामने खेळतो, चांगला असला तरी त्यातले साठ-सत्तर हरतो, आणि हा गृहस्थ हार पचवून वेळेवर झोपतो, सकाळी कामावर जातो. ऑक्टोबर लागला की तीसपैकी बारा संघ उरतात, बाद फेऱ्या सुरू होतात, आणि हाच गृहस्थ आठवडाभर न धुतलेल्या मोज्यांत हिंडताना आढळतो. विचारलं तर म्हणतो, याच मोज्यांत आपण जिंकतोय. अशांसाठी पुढील सूचना आहेत. न्यू जर्सीपासून फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांनाही त्या लागू आहेत. गुण येतोच असं नाही, पण पथ्य मोडलं की काय होतं हे 1986 साली बॉस्टनने पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट, गणित सोडावं. सहा महिने ज्याने धावांच्या सरासऱ्या तोंडपाठ केल्या त्याला हे जड जाईल, पण इलाज नाही. पहिली फेरी तीन सामन्यांची, पुढची पाच, मग सात आणि सात. वर्षभराची पुण्याई तीन दिवसांत बुडवायची सोय नियमातच आहे. 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी 111 सामने जिंकले आणि 89 जिंकलेल्या सॅन डिएगोकडून ते दुसऱ्याच फेरीत बाहेर पडले. 1960 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, न्यूयॉर्कच्या यांकीजनी सात सामन्यांत मिळून 55 धावा केल्या, पिट्सबर्गने 27. करंडक पिट्सबर्गला गेला. ज्यांना हा अन्याय वाटतो त्यांनी बुद्धिबळ पाहावं.

आता गणित सोडल्यावर हाताला काम हवं. ते म्हणजे घरातल्या माणसांच्या जागा सांभाळणं. आपल्या संघाची धाव झाली त्या क्षणी जो जिथे असेल त्याने सामना संपेपर्यंत तिथेच राहावं. कोणी फ्रिजचं दार उघडून उभा असेल तर दार उघडंच ठेवावं, विजेचं बिल नोव्हेंबरात बघता येतं. एका ऑक्टोबरात आमच्याकडे सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. सोफ्याच्या कोपऱ्यात त्या लसूण सोलत बसल्या होत्या आणि एकाएकी तीन धावा झाल्या. थोड्या वेळाने त्या उठायला लागल्या.

"आई, उठू नका."

"अहो, लसूण संपला की."

"दुसरा आणून देतो. बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, चेहऱ्यावर अजिबात आश्चर्य न दाखवता म्हणाल्या, "असं होय. मग आधी सांगायचं, देवच पाण्यात ठेवले असते." पुढचे चार दिवस बाळकृष्ण स्टीलच्या वाटीत होते आणि घरात महिनाभर पुरेल इतका सोललेला लसूण होता. बेसबॉल समजावून सांगायला मला जी वर्षं लागतात ती त्यांच्या बाबतीत लागली नाहीत. स्ट्राइक म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण ऑक्टोबर पुरता कळला.

वेडेपणाबद्दल संकोच बाळगू नये. पिछाडीवर असताना टोपीची आतली बाजू बाहेर करून घालण्याची रीत आहे, आणि ती कोट्यवधी डॉलर पगार घेणारे खेळाडूही डगआउटमध्ये बसून पाळतात. सिअ‍ॅटलच्या प्रेक्षकांनी 2022 मध्ये पायातला बूट काढून डोक्यावर ठेवला होता. पिचरने एकही हिट दिलेला नसेल तर त्याविषयी घरात ब्रही काढू नये. त्याचे सहकारीसुद्धा अशा वेळी त्याच्या शेजारी बसायचं टाळतात. पोस्टसीझनमध्ये, म्हणजे या बाद फेऱ्यांत, एकाच पिचरने सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर ओळीने परत पाठवल्याची घटना एकदाच घडली आहे, 1956 साली, डॉन लार्सनच्या हातून. आपल्या बडबडीमुळे दुसरी हुकली असं व्हायला नको.

वेळेचं पथ्य सर्वांत अवघड. एरवीच्या हंगामात सामना बरोबरीत गेला की 2020 पासून दुसऱ्या बेसवर एक धावपटू फुकट उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो आणि सगळे घरी जातात. पोस्टसीझनमध्ये ही दया नाही. 2018 च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना अठरा इनिंग चालला, 7 तास 20 मिनिटं. लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. पुण्यात बसलेल्याने तो पहाटे पावणेसहाच्या आत लावला असेल, तर त्याचा चहा, पोहे, आंघोळ आणि ऑफिसचे दोन खोटे फोन होऊन कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा तो संपला. 2025 मध्ये त्याच मैदानावर, पुन्हा तिसराच सामना, पुन्हा अठरा इनिंग. त्यातल्या त्यात सुखी तो भारतातला चाहता: त्याचा नाश केवळ सकाळचा होतो. न्यू जर्सीतल्या माणसाची रात्र जाते आणि पुढची सकाळही.

या बाबतीत 2 नोव्हेंबर 2025 हा रविवार आदर्श मानावा. पहाटे साडेपाचला टोरांटोत वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना सुरू झाला, अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्सनी तो 5-4 असा घेतला. दुपारी डोळे मिटावेत तर नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत, तीही पावसामुळे लांबलेली. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. ज्यांनी दोन्ही पाहिले ते सोमवारी कुठे होते याची चौकशी करू नये.

प्राण्यांकडे लक्ष असू द्यावं. बेसबॉलच्या ऑक्टोबरात प्राणी निष्कारण येत नाहीत. 2011 मध्ये सेंट लुइसच्या मैदानात एक खार होम प्लेटवरून धावत गेली, कार्डिनल्स पुढे करंडक जिंकले, आणि विजयाच्या अंगठीवर हिऱ्यांच्या शेजारी त्या खारीची आकृती कोरली गेली. 2022 मध्ये डॉजर्सच्या मैदानावर एक रानहंस येऊन बसला. तो कोणाच्या बाजूचा होता हे वर आलेल्या 111 आणि 89 च्या हिशेबावरून समजावं.

पण अभ्यासायचं तर 5 ऑक्टोबर 2007 चं क्लीव्हलंड. आठवी इनिंग, यांकीज 1-0 पुढे, पिचर जोबा चेंबरलेन, वय बावीस, मेजर लीगमध्ये पहिलाच हंगाम. उकाड्याची संध्याकाळ, आणि एरी सरोवरावरून चिलटांचे ढगच्या ढग आत आले. पोराच्या मानेवर, कानांत, घामाने निथळणाऱ्या गालांवर चिलटं तिळासारखी चिकटली. संघाच्या ट्रेनरने धावत येऊन त्याच्या अंगावर कीटकनाशकाचा फवारा मारला. चिलटांना तो आवडला असावा, कारण ती दुपटीने आली. एका हाताने मान झटकत, दुसऱ्या हातात चेंडू घेऊन त्याने फेकायचा प्रयत्न केला. पहिला बॅटर वॉकवर फुकट पहिल्या बेसवर गेला, एक वाइल्ड पिच पडली, मग आणखी एक, आणि बरोबरी झाली. क्लीव्हलंडचा फाउस्तो कार्मोना त्याच चिलटांत, पापणीसुद्धा न हलवता, फेकत राहिला. यांकीज अकराव्या इनिंगमध्ये हरले. (पुढे 2012 मध्ये उघड झालं की कार्मोना हे त्याचं नावच नव्हतं. तो रॉबेर्तो एर्नान्देस होता, आणि वय सांगितलं त्यापेक्षा तीन वर्षांनी जास्त. ज्याने इतकी वर्षं हे पोटात ठेवलं, त्याला चिलटांचं काय!) तात्पर्य, फवारा जवळ बाळगू नये.

आनंद आधी साजरा करू नये, हे तर कोणीही सांगेल. तरी सांगावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक फेरी जिंकली की ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन उडवतात. त्यासाठी कपाटांवर प्लास्टिकचे पडदे लावतात आणि डोळ्यांना चष्मे. 1986 मध्ये बॉस्टन रेड सॉक्स 68 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकण्यापासून एका स्ट्राइकवर होते. पडदे लागले होते, बाटल्या आल्या होत्या, न्यूयॉर्कच्या धावफलकावर क्षणभर बॉस्टनचं अभिनंदनही झळकलं. मग न्यूयॉर्क मेट्सचे हिटवर हिट, एक वाइल्ड पिच, आणि शेवटी पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून गेलेला तो घरंगळता चेंडू. पडदे गुंडाळावे लागले. प्लास्टिक पाहिलं की सावध व्हावं.

हरलात, तर दोषी ठरवावा. बारांपैकी अकरा संघांच्या चाहत्यांना हे दरवर्षी करावंच लागतं, म्हणून रीत नीट समजून घ्यावी. दोषी एकच असावा. त्याला चेहरा असावा. पुरावे पाहू नयेत, पाहिल्यास मन द्विधा होतं. बकनरचंच घ्या. चेंडू त्याच्या पायांतून गेला तेव्हा बॉस्टनची आघाडी आधीच संपलेली होती, बरोबरी झाली होती. शिवाय तो सहावा सामना होता. सातव्यातही बॉस्टन 3-0 पुढे होतं आणि हरलं. पण एवढं सगळं लक्षात ठेवून चिडणार कसं? 2003 मध्ये शिकागो कब्ज वर्ल्ड सिरीजपासून पाच आउट दूर होते, आणि एका फाउल चेंडूला पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचा हात लागला. त्याच इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपने हातातला सोपा चेंडू सोडला, समोरच्या फ्लोरिडाने आठ धावा केल्या, दुसऱ्या रात्री सातवा सामनाही कब्जनी गमावला. शहराने प्रेक्षक निवडला. बंदोबस्तात त्याला बाहेर काढावं लागलं. माफीचीही मुदत ठरलेली दिसते: बकनरला बॉस्टनच्या मैदानावर उभं राहून टाळ्या मिळाल्या 2008 मध्ये, आणि त्या प्रेक्षकाला कब्जनी करंडकाची अंगठी दिली 2017 मध्ये. दोन्ही वेळा संघ आधी जिंकलेला होता. हरलेला चाहता माफ करतो असं उदाहरण अभ्यासकांना सापडलेलं नाही, निदान मला तरी नाही.

दोषी मिळूनही हार थांबत नसेल तर मामला शापाचा समजावा आणि उतारा करावा. बॉस्टनवर बेब रूथचा शाप होता, कारण त्याला यांकीजना विकून टाकलं होतं. त्यावर उपाय म्हणून लोकांनी 2002 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका तळ्यात पाणबुडे उतरवून रूथचा पियानो शोधायचा प्रयत्न केला. त्याच्या आदल्या वर्षी एकाने संघाची टोपी एव्हरेस्टच्या माथ्यावर नेऊन ठेवली होती. गुण आला तो 2004 मध्ये. यांकीजविरुद्ध 0-3 अशा पिछाडीवरून ओळीने चार सामने जिंकले, जे आधी कोणी केलं नव्हतं आणि नंतरही कोणाला जमलेलं नाही, आणि वर्ल्ड सिरीज जिंकली ती रात्र खग्रास चंद्रग्रहणाची होती. ग्रहणात शुभकार्य करू नये म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

कब्जचा शाप बोकडाचा. 1945 च्या वर्ल्ड सिरीजला बिली सियानिस नावाचा गुत्तेवाला आपला बोकड घेऊन आला. बोकडाचंही तिकीट होतं. वासामुळे दोघांना बाहेर काढलं, आणि त्याने शाप दिला, अशी कथा आहे. नंतरच्या काळात मैदानावर सन्मानाने बोकड फिरवून झाले. 2003 चा तो फाउल चेंडू शिकागोतल्या एका रेस्टॉरंटने लाखाहून अधिक डॉलर देऊन लिलावात घेतला, 2004 मध्ये जाहीर स्फोटाने उडवला, आणि 2005 मध्ये त्याचे अवशेष उकळून पास्त्याच्या सॉसमध्ये उतरवले. लोकांनी तो खाल्ला. 2016 मध्ये, सातव्या सामन्याच्या दहाव्या इनिंगमध्ये, सतरा मिनिटांच्या पावसानंतर कब्ज जिंकले. सॉस करून पाहणाऱ्यांनी अकरा वर्षं धीर धरावा.

राहता राहिले सिअ‍ॅटलकर. एकदाही वर्ल्ड सिरीजमध्ये न पोचलेला हा एकमेव संघ. 2001 मध्ये 116 सामने जिंकून गेला नाही. 2022 मध्ये एकवीस वर्षांनी घरच्या मैदानावर पोस्टसीझनचा सामना आला, तर सतरा इनिंग 0-0 आणि अठराव्यात एक होमरन खाऊन हार. 2025 मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना, सातव्या इनिंगमध्ये 3-1 पुढे, आणि जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. यांची अडचण अशी की यांनी कोणाला विकलेलं नाही, कोणाच्या बोकडाला हाकललेलं नाही. शापच नाही तर उतारा कशावर करणार? त्यांनी पुढच्या हंगामात एखादा जनावरवाला तिकिटासकट दारात आणून उभा करावा, त्याचा पुरेसा अपमान होईल अशी व्यवस्था करावी, त्याने काय शाप दिला ते लिहून घ्यावं, आणि मग आमच्याकडे यावं.