कानाची मिसल

मुकुंदवाडी स्थानकाकडे संध्याकाळी फिरावयास निघणाऱ्या सेवानिवृत्तांच्या मेळाव्यात, डाव्या कानात कापसाचा बोळा आणि सदऱ्याच्या खिशात घडीचा पांढरा रुमाल एवढा सरंजाम बाळगणारा गृहस्थ दृष्टीस पडला, तर तो कर्णचिंतक आहे असे खुशाल समजावे. आमच्या गल्लीतले नाना हे त्या पंथाचे मुकुटमणी. तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात हयात गेल्यामुळे, उशीच्या अभ्र्यावर एका सकाळी आढळलेला रुपयाएवढा पिवळसर डाग त्यांना डाग वाटलाच नाही. ते प्रकरण होते, आणि प्रकरण म्हटले की मिसल, पंचनामा, जबान्या हे ओघाने आलेच. डागाचा आकार, वास व तारीख वहीत नोंदवून त्यांनी सूनबाईंचा जबाबही घेतला.

कारणांच्या बाबतीत नानांचा व्यासंग दांडगा. सुश्रुताने कर्णरोग 28 सांगितले, त्यांत कर्णस्राव स्वतंत्र गणला, हे ते अशा स्वरात सांगत की उरलेले 27 जणू वाटेतच असावेत. ऑस्कर वाइल्ड 1900 साली पॅरिसमध्ये वारला तो कानाचे दुखणे मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून, आणि त्याचे वडील तर डब्लिनचे नामांकित कर्णवैद्य, ही हकीकत त्यांनी कोठून पैदा केली कोण जाणे, परंतु “बाप कानाचा डॉक्टर असून पोराची ही गत, माझे वडील तर पाटबंधारे खात्यात होते!” हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड असे. डोक्यास मार लागल्यावर कानातून पाण्यासारखे जे गळते ते मेंदूभोवतीचे द्रव असू शकते, आणि त्यात रक्त मिसळले असल्यास कापडावर टिपताच लाल ठिपक्याभोवती फिकट कडे उमटते, असे कळल्यापासून तो रुमाल खिशात आला. मार कधी लागला, असे कोणी विचारलेच, तर 1972 च्या दुष्काळी कामावर हजेरी घेताना बसलेला फावड्याचा दांडा ते पुढे करीत.

वास्तविक कान वाहण्याची चिंता अधिक करावी ती लेकरांची. घशातून कानाकडे जाणारी त्यांची नळी आखूड आणि आडवी, त्यामुळे सर्दी तेथे सहज पोचते. पण नातू कान धरून रडू लागला की नाना “दात येत असतील” असा फैसला देऊन पुन्हा स्वतःच्या मिसलीकडे वळत.

अखेर सूनबाईंनी त्यांना घाटी इस्पितळात नेले. सोबतीस मी होतो. केसपेपर हाती पडताच नानांच्या मुद्रेवर कित्येक दिवसांनी प्रसन्नता दिसली. तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कान तपासून सांगितले की पडदा शाबूत आहे, थोडा मळ आहे, तो कानाच्या रक्षणासाठीच असतो आणि बहुधा आपण होऊन बाहेर पडतो. कानकोरण्याने कातडी मात्र लाल झाली आहे, तेवढे बंद करा. दावा खारीज झालेल्या फिर्यादीच्या चेहऱ्याने नानांनी विचारले, “आणि अभ्र्यावरचा डाग?”

“कानात काही घालता का, आजोबा?”

नाना छताकडे पाहू लागले. “मामंजी रोज रात्री लसूण कढवलेलं तिळाचं तेल घालून घेतात, मॅडम,” सूनबाई म्हणाल्या, “तेच सकाळी उशीवर येतं.”

रिक्षा जालना रस्त्यास लागेपर्यंत नाना अवाक्षर बोलले नाहीत. मग रुमालाची घडी उलगडीत म्हणाले, “तेल बाहेर आलं, कबूल. पण ते बाहेर लोटलं कोणी?”