आधी नकाशा चावडीवर, मग खुंट्या शेतात

पवनचक्की दोनेक वर्षांत उभी राहते. तिची वीज वाहून नेणारी वाहिनी मात्र रखडते, आणि रखडली की दोष कुणाचा ते ठरलेलं असतं: शेतकऱ्यांनी अडवली! हे ऐकून कान किटले. शेतकऱ्याला सगळ्यात शेवटी सांगितलं जातं, म्हणून तो शेवटी अडवतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबचंच घ्या. बालाघाटाच्या पठारावर वारा चांगला, ऊनही भरपूर. म्हणून तेव्हाच्या उस्मानाबाद परिसरातली १ गिगावॉट अक्षय वीज बाहेर काढण्याची योजना केंद्राने आखली आणि २०२१ च्या अखेरीस निविदेतून ते काम इंडिग्रिड या कंपनीला मिळालं. कळंबजवळ ४००/२२० केव्हीचं उपकेंद्र, त्यात ५०० एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, आणि परळी–पुणे ही ४०० केव्हीची दुहेरी वाहिनी मध्येच वळवून उपकेंद्रात आणायची नि तिथून परत न्यायची. आसपासच्या प्रकल्पांची वीज इथे २२० केव्हीवर गोळा होते, ४०० वर चढते आणि देशाच्या ग्रिडमध्ये जाते. आखणी शहाणपणाची आहे. पुण्यापर्यंत नवी वाहिनी ओढण्याऐवजी असलेलीच वापरली की शेकडो शेतं वाचतात.

वाहिन्या लागणारच आहेत. २०३० पर्यंतच्या ५०० गिगावॉटच्या उद्दिष्टासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा मांडला, त्यात पारेषणाचाच अंदाजित खर्च २.४४ लाख कोटी रुपये आहे. वाहिनी वेळेत झाली नाही तर काय होतं ते राजस्थानात दिसलं: ऊन असून सौर प्रकल्पांना उत्पादन रोखून धरावं लागलं. तेव्हा माझं भांडण वाहिनीशी नाही, ती शेतात येण्याच्या पद्धतीशी आहे.

वाहिनीसाठी भूसंपादन होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, आणि टॉवर उभा करण्याचा अधिकार आजवर वापरला गेला तो १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा. तारायंत्राच्या खांबांसाठी इंग्रजांनी केलेला हा कायदा वीज कायदा २००३ च्या कलम १६४ मधून ४०० केव्हीच्या टॉवरलाही लागू करता आला. मालकाची संमती त्यात सक्तीची नाही. त्याने विरोध केला तर जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात. मोजणीवाले येतात, खुंट्या रोवतात, आणि घरच्यांना कळतं की विहिरीच्या कडेला टॉवरचा पाय येणार आहे.

४०० केव्हीच्या वाहिनीखालचा पट्टा धरला जातो ४६ मीटर रुंद. म्हणजे १०० मीटर लांबीचं शेत ओलांडताना एक एकराहून जास्त जमीन पट्ट्यात जाते. तिथे ज्वारी, सोयाबीन घेता येतं. पण घर बांधायचं नाही, आंबा वाढू द्यायचा नाही आणि बोअर घ्यायचा तर गाडीचा मनोरा तारेखाली उभा करणं जिवावरचं. जमीन विकायला काढली की गिऱ्हाईक आधी वर बघतं.

याचा मोबदला किती? २०१५ च्या केंद्रीय सूचनांनुसार पट्ट्यासाठी जमिनीच्या किमतीच्या जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये तो ग्रामीण भागासाठी ३० टक्के झाला आणि टॉवरखालच्या जागेला २०० टक्के. सुधारणा खरी आहे. पण हिशेब करा. समजा एकराला सरकारी दर ५ लाख. पट्ट्यातल्या एकराचे मिळाले दीड लाख, तेही एकदाच. अशा प्रकल्पांचा करार ३५ वर्षांचा असतो. वाटून बघा, महिन्याला जेमतेम साडेतीनशे रुपये पडतात! पवनचक्कीच्या जागेला भाडं देता येतं, तर तारेखालच्या जागेला वर्षाचं, वाढतं भाडं का नको?

आणि जिथे दर लपलेला असतो तिथे दलाल येतो, मग गुंड येतो. केज तालुका कळंबच्या शेजारचा. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे प्रकरण पेटलं, असं आरोपपत्र सांगतं. प्रत्येक गटाचा दर आणि प्रत्येक खातेदाराला दिलेली रक्कम ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर मधल्या माणसांचा धंदा बसेल.

कळंबला, वाशीला, भूमला आणखी वाहिन्या लागतील, त्यामुळे हे आत्ताच ठरायला हवं. मार्गाचे दोन-तीन पर्याय गटनंबरांसह ग्रामसभेत मांडा. गावाने सुचवलेला बदल नाकारायचा तर कारण लेखी द्या. मोजणी त्यानंतर. यात काही महिने जातील, पण नंतर कोर्टात आणि पोलीस बंदोबस्तात जातात त्यापेक्षा ते कमीच असतील.

अजून एक. मांजराकाठच्या उसाला लागणारी वीज जवळच्या उपकेंद्रालगत सौर पॅनेलवर तयार झाली, तर तेवढ्यापुरता ४०० केव्हीचा टॉवर लागतच नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० नेमकी याचसाठी आहे: शेतीपंपाला दिवसा वीज. ज्या गावांवरून मोठी वाहिनी जाणार, त्या गावांचे फीडर या योजनेत पहिल्या यादीत घ्या. टॉवरच्या पायाचं काँक्रीट पडण्याआधी त्या गावातल्या पंपाला दिवसाची वीज मिळालेली असली पाहिजे, ही अट जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगीच्या कागदावरच लिहावी.