करवंदी चहाची शास्त्रोक्त चवपरीक्षा

मुंबईचे पाहुणे हल्ली पेढ्यांऐवजी फळांच्या चहाचा डबा घेऊन येतात. आपल्या शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या यजमानाने अशा वेळी गोंधळून न जाता डबा उलटा करावा. दर्शनी बाजूला स्ट्रॉबेरी आणि तिच्या परदेशी बहिणी रसरशीत रंगवलेल्या असतात. घटकांची यादी मात्र मागे, मुंगीच्या अक्षरांत असते. तिथे पहिलेच नाव बहुधा हिबिस्कस असे दिसते. त्याचे दडपण आले तर सरळ परसात जावे. कुंपणाला लागून डिसेंबरपर्यंत जी लाल देठांची अंबाडी उभी होती, तीच ही बाई. बोंडांची लाल साल सोलून वाळवली की अंबाडीची हिबिस्कस होते आणि लगेच डब्यात राहायला जाते. सोबतीला सफरचंदाचे वाळले तुकडे, संत्र्याची साल आणि बाहेरून आणलेला वास. चहाचे पान औषधालाही नसते.

‘लिंबाच्या स्वादाचा’ असे लिहिलेला डबा असेल तर काम आणखी सोपे. लिंबाच्या सालीत आणि गवती चहाच्या पातीत सिट्रल नावाचे एकच गंधद्रव्य असते. डबेवाले गवती चहा कुठल्या डोंगरउतारावर लावतात ते छापतात. आपला मोरीच्या सांडपाण्यावर वाढतो, हे छापायची गरज नाही. पात कापताना धार मात्र सांभाळावी. रक्ताचा थेंब पडला तर तो घटकांत धरावा लागतो.

डबा फडताळात वरच्या खणात, पाहुण्यांना दिसेल असा ठेवावा आणि पुढची सगळी कृती घरच्या मालावर करावी.

मुहूर्त मे महिन्याचा. हिवाळ्यात वाळवलेली बोंडे घरात असतात आणि रानात करवंदे काळी पडलेली असतात. स्वतः जाळीत शिरून तोडायची हौस असेल तर जुना सदरा घालावा. नसेल तर पानांच्या द्रोणात रानमेवा घेऊन बसलेल्या बाईंकडून घ्यावीत. ती उकळून प्यायची आहेत हे त्यांना सांगू नये. भाव वाढणार नाही, पण आपण त्यांच्या मनातून उतरू.

आता पाणी. या विषयावर जाणकार तासभर बोलतात आणि ते बरोबरच आहे, कारण पेल्यात जवळजवळ सगळे तेच असते. आपल्या तालुक्याच्या पाण्याच्या गुणवत्तेबद्दल कुणी शंका घेऊ नये. इथल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईकर 1892 पासून पीत आहेत आणि त्यांनी ते आजवर एकदाही परत पाठवलेले नाही. पुढे भातसाही त्यांच्या सेवेला रुजू झाली. तेव्हा दादरच्या स्वयंपाकघरात काचेच्या किटलीत जो फळांचा चहा मुरत असतो, तो अंगापिंडाने बराचसा शहापूरचाच असतो. अडचण इतकीच, की मे महिन्यात याच शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर पाणी टँकरने येते. म्हणून पाण्याचे तापमान मोजण्याआधी टँकर कोणत्या वारी येणार याची चौकशी करावी. पाणी विहिरीवरून आणलेले असेल, तर ज्या बाईने हंडा डोक्यावरून आणला तिला विचारल्याशिवाय प्रयोगासाठी एक पेलाही घेऊ नये. हा नियम कुठल्याही आंतरराष्ट्रीय मानकात नाही, पण मोडला तर चहा राहू द्या, रात्रीची भाकरीही मिळत नाही.

मानकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चवपरीक्षेसाठी चहा कसा करावा याचे आंतरराष्ट्रीय मानक 1980 साली निघाले. क्रमांक 3103. दर 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम माल, चिनी मातीचे झाकणाचे भांडे, 6 मिनिटे मुरवणे. याच विषयावर ब्रिटिशांचा सहा पानी दस्तऐवज आहे आणि 1999 साली त्याला साहित्याचे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांना देतात ते. सहा पाने लिहून होईपर्यंत शेणव्यात पंगत उठली असती. पण मानक ते मानक. ते अस्सल चहापत्तीसाठी आहे, अंबाडीला विचारून केलेले नाही, तरी 6 मिनिटे तिलाही मानवतात. 2 ग्रॅमची अडचण येते. किराणा दुकानातला तराजू 50 ग्रॅमच्या खाली बोलत नाही. म्हणून दोन पेल्यांना पाच-सहा बोंडांची वाळली साल, गवती चहाच्या तीन-चार पाती आणि मूठभर करवंदे घ्यावीत. मूठ घरातल्या मोठ्या माणसाची नको, लहान मुलाची असावी. आणि मुलाने अर्धी मूठ वाटेत खाल्ली तर ती तूट मानावी.

टोप जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, नको. अंबाडी आणि करवंद दोन्ही आंबट. आंबटाला जर्मनचे भांडे चालत नाही, धातू चहात उतरतो. स्टीलचे घ्यावे. करवंदे चीक जाईपर्यंत पाण्यात बुडवून, चोळून धुवावीत, नाहीतर परीक्षकांचे ओठ चिकटतील. अर्थात काही परीक्षकांच्या बाबतीत हे हिताचेच असते. पाण्याला आधण आले की गवती चहा गाठ मारून टाकावा, करवंदे ठेचून टाकावीत, आल्याचा तुकडा टाकावा. दोन उकळ्या आल्या की टोप चुलीवरून उतरवून मगच बोंडांची साल घालावी आणि झाकण ठेवावे. साल उकळत ठेवली तर आंबटपणा दात शिवशिवेपर्यंत जातो. गूळ गाळल्यावर.

चवपरीक्षा सुरू होते ती डोळ्यांपासून. रंग गडद माणकासारखा यावा. शंकेखोर पाहुणा असेल तर एका बशीत थोडा चहा घेऊन त्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकावी. लाल रंग बघता बघता निळसर-हिरवट होतो. अंबाडीतले रंगद्रव्य आंबटात लाल आणि सोड्यात निळे होते, एवढेच त्यामागचे कारण; पण ते लगेच सांगू नये. आधी पाहुण्याला थोडे आश्चर्य वाटू द्यावे. ती बशी मग कुणी पिऊ नये.

दुसरी पायरी भुरक्याची. व्यावसायिक चव घेणारे लोक चमचाभर चहा जोरात आवाज करून ओढतात. हवेबरोबर चहाचे तुषार जिभेभर पसरतात आणि वास मागच्या बाजूने नाकात चढतो. कारखान्यातल्या माणसांना हे मुद्दाम शिकवावे लागते. आपल्याकडच्या आजोबांना म्हशाच्या जत्रेतली कपबशी दिली की ते न शिकवता करतात आणि घरातल्या सुना इतकी वर्षे त्यांना उगीचच नावे ठेवत आलेल्या असतात. व्यावसायिक माणूस मात्र घोट घेऊन थुंकतो. शेणव्यात यजमानिणीसमोर तसे केल्यास पुढच्या लग्नाचे बोलावणे येत नाही. गिळावा.

तिसरी पायरी शब्दांची. ‘आंबट आहे’ एवढे म्हणून चालत नाही. सुरुवातीला लिंबाची चाहूल, मधे रानफळाचा तुरटपणा, शेवटी ऐनाच्या लाकडाचा धूर, असे क्रमाने म्हणावे. धूर चुलीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी मान डोलवतात. मुलांना या पायरीत घेऊ नये. त्यांची करवंदाची स्वतंत्र परीक्षापद्धत आहे: फळ दाताने फोडायचे, आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. निकाल तत्काळ लागतो आणि परीक्षक फळासकट निकाल खाऊन टाकतो. डबेवाल्यांना इतकी नेमकी भाषा अजून सापडलेली नाही.

सर्वांत मोठा धोका चौथ्या पायरीवर असतो. आतापर्यंत उंबऱ्याशी बसून पाहत असलेल्या आजींना हा लाल, बिनदुधाचा प्रकार पाहुण्याला देणे घराण्याच्या अब्रूचा प्रश्न वाटतो. त्या दुधाचे भांडे घेऊन उठतात. त्यांना तिथेच थांबवावे. आंबटात दूध पडले की फाटते आणि पेल्यात तयार होणाऱ्या चोथापाण्याला कुठल्याही मानकात क्रमांक नाही. आजी न थांबल्यास कप हाताने झाकावा. भाजण्याची तयारी ठेवावी.

गाळणीत उरलेली बोंडांची साल फेकू नये. लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून पाट्यावर वाटली की भाकरीबरोबर चालते, आणि सगळ्या परीक्षकांचे एकमत होते ते या चटणीवर.

पेले विसळायला नेले की यजमानिणीने पदराला हात पुसत, पाहुण्यांकडे पाहून, नेहमीच्या आवाजात विचारावे, ‘‘आता चहा ठेवू ना?’’ साखर जरा जास्तच घालावी.