बटण दाबलंस का रे?

हॅरो, लंडन
रविवार, 19 मे 2024

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवर हे सांगायला घेतलं की आई मधेच "जेवलास का?" विचारते आणि बाबा "आवाज तुटतोय" म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून कागद घेतला. हे पत्र पोचेपर्यंत उद्याचं मतदान होऊन बोटावरची शाईसुद्धा फिकी झालेली असेल. महालक्ष्मीच्या यात्रेला यंदाही येता आलं नाही. पण विवळवेढ्याची यात्रा उठली त्याच सुमारास इथे आमच्या घरात भरली.

घरातले पाच स्पीकर तुम्हाला ठाऊक आहेतच. बाबा इथे आले होते तेव्हा म्हणाले होते, "एका घराला एवढे भोंगे कशाला? कुणाचं लग्न आहे का?" तर त्या भोंग्यांचा सगळा कारभार मोबाइलमधल्या एका अ‍ॅपवर चालतो, आणि दीडेक आठवड्यापूर्वी ते अ‍ॅप रातोरात बदललं. आई, तू माहेरी गेली होतीस तेव्हा मावशीनं तुझ्या स्वयंपाकघरातले डबे 'नीट' लावून ठेवले होते, आठवतं? परत आल्यावर आठवडाभर आम्ही खारट चहा प्यायलो. हे तसंच. फरक एवढाच की मावशीनं निदान डबे घरात ठेवले होते. इथे काही डबे गेलेच. गाण्यांची रांग मागेपुढे करायची सोय गेली, झोप लागल्यावर आपोआप बंद व्हायची गेली, आणि सकाळचा गजर गेला.

गजर गेला म्हणजे नेमकं काय गेलं, ते तुम्हाला सांगायला हवं. मी आजवर बोललो नव्हतो.

1994 साली दिवाळीनंतर बाबा मला सायकलवर पुढे बसवून गंजाडच्या बाजूला एका पाड्यावर घेऊन गेले होते. मागे कॅरिअरला टेपरेकॉर्डर बांधलेला. भात झोडून झालं होतं आणि खळ्यावर तारपा चालू होता. रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे होतं. ती कॅसेट मी दोन वर्षांपूर्वी संगणकावर उतरवून घेतली. सुरुवातीला खरखर, मग बाबांचा आवाज, "बटण दाबलंस का रे?", मग माझं घाबरलेलं "हो", मग एक कुत्रं, आणि मग श्वास न तोडता वाजत राहणारा तो तारपा. रोज सकाळी साडेसहाला आमच्या घरात हेच वाजायचं. पोरं "हो, आजोबा!" असं ओरडत उठायची. धाकटीला तर कुत्र्याची वेळ पाठ होती, ती त्याच्या आधी भुंकायची.

नव्या अ‍ॅपला गजर ठाऊक नाही आणि घरच्या संगणकावरची गाणी सापडत नाहीत. जगभरातली कोट्यवधी गाणी ते समोर आणून ओततं. 'तारपा' असं लिहून शोधलं तर त्यानं मला कसलंसं झोपेचं संगीत सुचवलं. सकाळी साडेसहाला!

आता आवाजाची गंमत ऐका. पूर्वी मोबाइल आणि स्पीकर घरातल्या घरात एकमेकांशी बोलायचे. आता, जाणकार सांगतात, बरेचसे निरोप आधी दूर कुठल्या तरी संगणकाकडे जातात आणि तिथून परत आमच्या स्वयंपाकघरात येतात. म्हणजे डहाणू रोडला पूर्वेकडून पश्चिमेला जायचं, तर पूल न चढता लोकलनं विरारला जायचं आणि परत यायचं. त्यामुळे आवाज वाढवायचं बटण दाबलं की काही होत नाही. माणूस पुन्हा दाबतो. पुन्हा काही नाही. चिडून पाचसहा वेळा दाबतो. मग सगळे निरोप एकाच लोकलनं उतरतात.

मागच्या गुरुवारी रात्री अकराला हेच झालं. दिवाणखान्यात हळू आवाजात काही लावावं म्हणून मी बोटं चालवत होतो, आणि पोरांच्या खोलीतला स्पीकर असा गरजला की खिडकीची तावदानं थरथरली. सूनबाई अंथरुणातून उठली ती सरळ अंगणात. तिला 2018 चा हिवाळा आठवला. तेव्हा ती धुंदलवाडीला मावशीकडे होती, आणि धक्क्यांच्या भीतीनं सगळी वस्ती घराबाहेर, तंबूत झोपत होती. मी खिडकीतून ओरडलो, "भूकंप नाही, अ‍ॅप आहे!" ती म्हणाली, "मग मी बाहेरच बरी." तोवर शेजारच्या गोऱ्या आजींनी सामाईक भिंतीवर काठीनं दोन टोले दिले. त्या काठीला घुंगरू असते तर ताल जमला असता.

तक्रार केली. तासभर थांबल्यावर एका गोड आवाजाच्या मुलानं सगळे स्पीकर बंद करून चालू करायला सांगितले. केले. पाचाचे चार झाले. न्हाणीघरातला अजून बेपत्ता आहे. म्हणजे तो वाजतो, फक्त अ‍ॅपच्या मते तो अस्तित्वात नाही. जुनं अ‍ॅप परत द्या म्हटलं, तर ते होणार नाही म्हणाला.

आमच्या दिवाणखान्यात तुम्ही दिलेलं वारली चित्र आहे. परवा त्याच्याखाली बसून मोबाइलशी झटापट चालली होती, तेव्हा थोरल्यानं विचारलं, "यातला रिमोट कोणाकडे आहे?" मी मधला तारपावाला दाखवला. तुम्ही सांगितलं होतं ते त्याला सांगितलं, की नाचणारे त्याच्याभोवती फिरतात पण त्याच्याकडे पाठ करत नाहीत, आणि तो वळेल तसं सगळं वेटोळं वळतं. पोरगं बराच वेळ बघत राहिलं. मग म्हणालं, "त्याला अपडेट येत नाही?" दुधीभोपळा आणि ताडाची पानं, येणार कुठून! वाळवी लागली तर नवा करतात, एवढंच.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. पोरांना ताडगोळ्यांचे फोटो पाठवू नकोस, ती इथल्या दुकानात जाऊन मागतात.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात तो टेपरेकॉर्डर अजून आहे का, पाहाल? पट्टा सैल झाला असेल तर स्टेशनजवळच्या रेडिओवाल्याकडून बदलून घ्या. पुढच्या महिन्यात काका येताहेत, त्यांच्याबरोबर कॅसेटसकट पाठवा. सेल काढून द्या. आणि चिकूच्या सुक्या फोडींच्या पिशवीत तो घालू नका, पिशवी फोडींनीच भरू दे.