ढेकळांचा पंचनामा

वादळ अर्ध्या तासात उरकतं. त्याला ना सही लागते, ना शिक्का. त्यानंतरचं वादळ फायलीतून येतं आणि ते महिनोन् महिने घोंगावत राहतं.

25 मे 2025. रोहिणी नक्षत्र नुकतंच लागलं होतं. वळवाचा म्हणून आलेला पाऊस बारामती-इंदापुरात मुक्कामालाच थांबला. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, पाणी शेतांत आणि घरांत शिरलं. बारामतीत आणि इंदापुरात एनडीआरएफच्या तुकड्या आल्या. त्या वेळचे पालकमंत्री अजित पवार दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहणीला हजर झाले. हाच कालवा एरवी इंदापूरच्या टेलला पाणी पोचवायचं म्हटलं की वाटेतच दमतो. टेलवाल्यांनी आवर्तनासाठी किती अर्ज दिले, किती रस्ते अडवले! न मागता आणि भरभरून पाणी सोडायची कालव्याची ही पहिलीच हौस असावी.

*

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या काठावरचं गाव. इकडं पुणे जिल्हा, नदी ओलांडली की माळशिरस तालुका, म्हणजे सोलापूर जिल्हा. एकच ढग दोन्ही काठांवर फुटतो आणि पंचनाम्याला दोन कलेक्टर लागतात. ढगाला हद्द कळत नाही, हा अर्थात ढगाचा दोष.

त्यातून अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. 24 तासांत 65 मिलिमीटर भरले पाहिजेत. यंत्र एका गावी, ढग दुसऱ्या गावी. तुमचा ऊस लोळला, मका झोपला, डाळिंबाची फुलं गळाली, पण यंत्रात 60 च भरले, तर कागदावर तुमच्याकडं अतिवृष्टी झालेलीच नाही. झालं ते तुमच्या मनात झालं.

*

पाहणीला कोण येतं? पूर्वी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असं त्रिकूट यायचं. गेल्या एक-दोन वर्षांत तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले. तिघेही अधिकारी झाले. आता बांधावर चिखल तुडवायला कर्मचारी तेवढा शोधायचा राहिलाय. आणि या बिचाऱ्यांचा तरी काय इलाज? एकेकाच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन गावं.

तोवर गोठ्याचे पत्रे उडालेले असतात आणि म्हैस पावसात उभी असते. शहाणा माणूस त्याच दिवशी पत्रे गोळा करतो आणि ठोकून टाकतो. सरकारदरबारी हाच मूर्खपणा ठरतो. साहेब आल्यावर विचारतात, "पडझड कुठाय?" म्हणून गावातली जाणती मंडळी आधीच बजावतात, "आबा, फोटो होईस्तोवर हात लावू नका." म्हैस भिजली तर चालेल, पुरावा मोडता कामा नये.

पुरावा जपून मिळतं काय? त्या वेळच्या आपत्ती निधीच्या निकषात गोठ्याला 3,000 रुपये होते. एवढ्यात पत्रे येतात की नुसते खिळे, ते हार्डवेअरच्या दुकानात विचारावं. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर 6,500 रुपये, पण किमान 15 टक्के पडलेलं हवं. 14 टक्के पडलेल्या घराच्या मालकानं उरलेला एक टक्का स्वतः पाडायचा की वादळाला परत बोलवायचं, याचं मार्गदर्शन परिपत्रकात सापडत नाही.

*

मग लोक जातात सरपंचाकडं. दुसरं जाणार कुठं? त्या मे महिन्यात पुणे जिल्हा परिषदेत एकही निवडून आलेला सदस्य नव्हता, इंदापूर पंचायत समितीतही नव्हता. मार्च 2022 पासून दोन्हीकडं प्रशासक. मतं मागायला आलेला म्हणून गावात सापडणारा माणूस एकच, सरपंच.

त्याच्या हातात काय असतं? रस्त्यावर झाड पडलं तर रस्ता बांधकाम खात्याचा. खांब वाकला तर महावितरणचा. चारी फुटली तर पाटबंधाऱ्याची. डीपी जळाला की पाणीयोजनेची मोटर बंद, आणि नळाला पाणी का नाही हा प्रश्न मात्र ग्रामपंचायतीचा. तिजोरीत पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे होते. त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे. उरलेल्या 40 टक्क्यांचा आराखडा वादळाच्या आधीच मंजूर झालेला, आणि 'आडवा पडलेला लिंब उचलणे' असं काम आराखड्यात कुणी धरत नाही. सरपंचाला शंभर टक्के अबंधित मिळतात त्या फक्त शिव्या.

*

त्याच मे महिन्याच्या अखेरीस तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी काढणी झालेल्या रानांबद्दल विचारलं होतं, आता ढेकळांचे पंचनामे करायचे का? प्रश्न बिनतोड वाटला, पण उत्तर सरकारच्याच निकषांत लिहून ठेवलं होतं. पुरानं जमीन खरडून गेली तर अल्पभूधारकाला हेक्टरी 47,000 रुपये. म्हणजे ढेकूळ जागेवर असेपर्यंत चेष्टेचा विषय, वाहून गेलं की भरपाईचा.

मंत्री बोलत होते तेव्हा मंत्रालयही लिहीत होतं. 30 मे रोजी शासन निर्णय निघाला: खरीप 2025 पासून मदतीची मर्यादा 3 हेक्टरांवरून 2 हेक्टरांवर, बागायतीचा दर हेक्टरी 27,000 वरून 17,000 वर. कालव्याखालचा चिखल अजून वाळला नव्हता. पुढं सप्टेंबरात मराठवाडा बुडाला आणि 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. 2 हेक्टरांचे पुन्हा 3 झाले. खरडलेल्या जमिनीला 47,000 रोख आणि वर हेक्टरी 3 लाख रोजगार हमीतून. मे महिन्यात ज्या ढेकळाकडं बघायला वेळ नव्हता, त्याचा भाव पाच महिन्यांत साडेतीन लाखांच्या घरात गेला. एवढी तेजी आमच्या डाळिंबानं कधी पाहिली नाही.

*

दरम्यान ऑगस्टपासून कृषी खातं दत्तात्रय भरणे यांच्याकडं आलं. भरणेमामा भरणेवाडीचे, इंदापूर तालुक्यातलेच. आपल्या तालुक्यात पाऊस झाला की नाही, हे त्यांना मंडळाच्या यंत्रानं सांगायची गरज नाही. म्हणून त्यांच्या खात्याकडं आणि शेजारच्या महसूल खात्याकडं मिळून मागण्या तीनच. गावकऱ्यानं मोबाईलवर काढलेला फोटो आणि ग्रामसभेचा ठराव हाच पहिला पंचनामा धरा. ग्रामपंचायतीला पहिल्या आठ दिवसांत खर्चायला थोडी मोकळी रक्कम द्या. आणि लोकांना त्याच दिवशी पत्रे ठोकू द्या. याला पॅकेज लागत नाही, हेक्टरही मोजावे लागत नाहीत.

एवढंही जमत नसेल, तर निदान वादळाला तसा आदेश काढा: यापुढं येताना ग्राम महसूल अधिकाऱ्यांना सोबत घेऊनच यावे.